अकरा ते पाच

मी एकदा एक खोली टेपने मोजली. भिंतीपासून टेबल किती लांब, टेबलापासून खुर्ची किती, खुर्चीत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांपासून पडदा किती, सगळं मोजलं. वीस संगणक, वीस खुर्च्या, चार पंखे, एक कुलूप. दोन महिने माझं हेच चाललं होतं. आणि कॉलेजच्या फाटकासमोर एसटीच्या थांब्यावर गाड्यांच्या वेळांचा जो पत्र्याचा फलक आहे, त्याच्याकडे मान वर करून एकदाही पाहिलं नाही. रोज संध्याकाळी त्याच फलकाखाली उभी राहून रिक्षाची वाट बघत होते, तरीही. त्यातून मी शिकवत होते भूगोल. हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं, पुढे फारशी जागा नाही.

आश्विन लागला की महाडचं ऊन एकाएकी अंगावर येतं. गांधारीचं गढूळ पाणी निवळतं, रस्त्यावरचा चिखल वाळून त्याची धूळ होते, आणि पोलादपूरकडे जाताना दोन्ही बाजूंना लवकर पिकणारं हळवं भात कापून आडवं पडलेलं दिसतं. गरवं अजून उभं असतं, हिरव्यातून पिवळ्यात जाण्याच्या बेतात. कापलेल्या भाताला एक वास असतो, कोमट आणि किंचित आंबूस. लोकांना त्या वासाने नवान्न आठवतं, पोहे आठवतात. मला परीक्षेचे फॉर्म आठवतात. इतकी वर्षं मी या दिवसांत हेच केलं, वर्गात शिरून विचारलं, फॉर्म भरलात का रे सगळ्यांनी? आणि मागच्या बाकावरून हमखास एक आवाज यायचा की मॅडम, शेवटची तारीख कधी आहे?

यंदा माझ्या नातीने, अन्वीने, तिचा फॉर्म भरला तो कॉटवर पालथी पडून, शेंगा खात. मी चहा टाकला, चहा उकळला, गाळला, तोवर तिचा फॉर्म गेलासुद्धा. फोटो फोनमध्ये होता, सही फोनमध्ये होती, सगळं तिच्या त्या तळहाताएवढ्या काचेत. मी कप हातात धरून नुसती उभी राहिले. ती म्हणाली, आजी, तुझा चेहरा असा का झाला, फॉर्म मी भरलाय, तू नाहीस.

त्याच संध्याकाळी कॉलेजच्या प्राचार्यांनी माझ्याकडे एक मसुदा पाठवला. हे प्राचार्य एके काळी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून नकाशात नद्या उलट्या वाहवायचे. आता मोठे झालेत, नम्र झालेत. ‘तंत्रज्ञान साधने व साहाय्य मानके’ असं मसुद्याचं नाव. कॉलेजात कुठल्या प्रकारची यंत्रं असावीत, ती कशी ठेवावीत, बिघडली तर कुणी, किती दिवसांत दुरुस्त करावीत, विद्यार्थ्यांना मदत कुठे मिळावी, असं सगळं. मूळ मानकं मॅडम तुम्हीच लिहिली होती, तेव्हा एकदा नजर घाला, अशी विनंती. मला नीट दिसत नाही म्हणून अन्वी वाचून दाखवायला बसली. पहिली पानं नवी होती, त्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत. मग चौदाव्या पानावर ती अडखळली आणि हसायला लागली.

“आजी, हे तू लिहिलं होतंस? हे तर तुरुंगाचे नियम वाटतात.”

साहाय्य कक्षाची वेळ, सकाळी अकरा ते सायंकाळी पाच. माझंच वाक्य, जसंच्या तसं. चुकीच्या जागी पडलेल्या माझ्या स्वल्पविरामासकट उतरवून घेतलेलं.

ती बाई कशी होती ते सांगते, म्हणजे जिने हे लिहिलं ती. पन्नाशी ओलांडलेली, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा, पर्समध्ये शिंप्याची टेप. मे महिन्यात पुण्याला तीन आठवड्यांचा संगणकाचा वर्ग करून आलेली, आणि तेव्हापासून प्रत्येक वाक्यात एकदा ‘सिस्टिम’ म्हणणारी. घरी आमटी खारट झाली तरी सिस्टिम चुकली म्हणायची. नवऱ्याने एकदा विचारलं की मीठ कुणी टाकलं, सिस्टिमने? तर त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. माघात कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती. समितीला सगळं लेखी लागतं. तेव्हाच्या प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं की संगणककक्षाची मानकं कोण लिहील, आणि बाकी सगळ्यांनी एकाच वेळी चहाच्या कपात बघितलं. मी हात वर केला. मला तर आनंदच झाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांनी घालून दिलेल्या नियमांवर सह्या केल्या होत्या, आता मी नियम घालून देणार होते.

त्याआधी कॉलेजात संगणक होते सहा. एकाची जात दुसऱ्यासारखी नाही. कुणी दान दिलेले, कुणी बँकेने टाकून दिलेले. ते सांभाळायचे शांतारामभाऊ. कामावर प्रयोगशाळेचे शिपाई आणि घरी भातशेती. त्यांनी त्या सहाही यंत्रांना नावं ठेवली होती. एकाला हात लावला की झटका बसायचा, ती ‘मारकी’. एक सुरू व्हायला पाव तास घ्यायची, ती ‘गाभण’. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून ते दिवसातून एकदा सगळी चालू करून ठेवायचे, सुट्टीतसुद्धा येऊन. खोलीची चावी त्यांच्या कमरेच्या करगोट्याला असायची. सकाळी साडेसातला ते खोली उघडायचे, कारण तेव्हा पोलादपूरच्या वरच्या अंगाची मुक्कामाची गाडी यायची.

मुक्कामाची गाडी म्हणजे रात्री डोंगरातल्या शेवटच्या गावात झोपणारी आणि पहाटे तिथून निघणारी एसटी. त्या गाडीने जी मुलं येत, त्यांतली कितीतरी आधी तासभर वाडी उतरून रस्त्याला लागलेली असायची. ती साडेसातला कॉलेजात पोचत. तास नऊला सुरू, पाऊण वाजता संपले की एकची गाडी पकडून परत. त्यानंतरची गाडी थेट संध्याकाळची, म्हणजे पुन्हा तीच मुक्कामाची. तिने गेलं तर अंधारात वाडी चढायची. मुलग्यांना चालायचं, मुलींना घरून परवानगी नसे. म्हणजे या मुलींच्या हातात कॉलेजातला मोकळा वेळ एवढाच होता, सकाळचा साडेसात ते नऊ.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. याच डोंगरांच्या समोच्चरेषा मी पंचवीस वर्षं फळ्यावर काढत होते. रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, हे मीच शिकवायचे, आणि समोर त्या रेषा पायांनी उतरून आलेली मुलं वहीत ते उतरवून घ्यायची.

माझी नियमावली अकरा पानांची झाली. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, वर कॉलेजचं बोधचिन्ह. नवे वीस संगणक, सगळे एका जातीचे, एका मापाचे. पुराचं पाणी बाजारपेठेत शिरतं तेव्हा कॉलेजच्या अंगणातही येतं, म्हणून कक्ष वरच्या मजल्यावर, गॅलरीला लागून. हे मला सुचलं होतं आणि याचा मला अजूनही थोडा गर्व आहे. बाकीच्याचा नाही. पाचव्या पानावर मी लिहिलं की ओल्या कपड्यांनी कक्षात प्रवेश मिळणार नाही. पोलादपूर तालुक्यातल्या मुलांसाठी याचा अर्थ जून ते सप्टेंबर कक्ष बंद, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सातव्या पानावर तक्रारीचा नमुना होता, तीन प्रतींत. नवव्या पानावर वेळ. दुरुस्ती करणारी कंपनी फोनवर उपलब्ध असायची ती अकरा ते पाच. म्हणून मी ठरवलं, मदतीला माणूस नसेल तेव्हा यंत्र चालूच करायचं नाही. किती शास्त्रशुद्ध. कंपनीच्या माणसाच्या जेवणाची वेळसुद्धा मी विचारून घेतली होती.

बैठकीत शांतारामभाऊ दाराशी उभे होते. त्यांना बोलावलं होतं ते खुर्च्या लावायला. शेवटी ते एवढंच म्हणाले की डोंगरातली पोरं सकाळीच मोकळी असतात. मी त्यांना समजावून सांगितलं, फार गोड आवाजात, की सकाळी साडेसातला माणूस कोण बसवणार? इतकी वर्षं सकाळी साडेसातला तिथे जो माणूस बसत होता, तो मला तेव्हा दिसत नव्हता. ते बरं म्हणाले आणि करगोट्याची चावी सोडवून माझ्या हातात दिली. ती कोमट होती.

त्या वर्षी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सुगंधा होती. उमरठच्याही वरच्या एका वाडीवरची. नकाशा असा काढायची की पुस्तकातला खोटा वाटावा, कारण नाले कुठून निघतात ते ती आठवून काढायची. घाईघाईने वह्या जमा करताना एकदा तिने मला सांगितलं होतं. मुंबईचं एक स्थळ दोन वर्षं थांबून होतं. तिने वडिलांकडून शब्द घेतला होता की बी.ए. होऊ द्या, मग म्हणाल तिथे उभी राहते. वडिलांनीही शब्द दिला होता, पण त्याला एक अट होती. वर्ष फुकट गेलं तर थांबायचं नाही. ती हे हसत सांगत होती. मी म्हटलं, तुझं कशाला वर्ष जातंय.

फॉर्म पहिल्यांदाच संगणकावर भरायचे होते. असले फोन तेव्हा कुणाकडे नव्हते. बाजारातली फॉर्म भरून देणारी दुकानं दहाला उघडायची आणि तिथे त्या दिवसांत जत्रेसारखी गर्दी. कॉलेजात मात्र वीस नवी यंत्रं होती, पुसून, झाकून ठेवलेली. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी सकाळी पावणेआठलाच कॉलेजात गेले, कारण कक्षाच्या दारावर लावायचा नियमांचा फलक रंगवून आला होता आणि तो सरळ लागतोय की नाही ते मला बघायचं होतं. गॅलरीत चपलांचा एक जोड. दार लोटलेलं. आत एकच संगणक चालू, समोर सुगंधा, तिच्या मागे शांतारामभाऊ. कार्यालयातली दुसरी चावी त्यांनी मागून आणली होती. ते तिला म्हणत होते, भर गो तू सावकाश. फॉर्म शेवटच्या पानावर आला होता, फोटो तेवढा चढायचा राहिला होता. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.

मी ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला निदान मागून लाज वाटते आणि तो थांबतो. मी शांतपणे बोलले. शांतारामभाऊ म्हणाले, “मॅडम, पाचच मिन्टं हायत. पोरीची गाडी एकची हाय.” मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा, आज हिला उघडलं तर उद्या सगळे येतील. सगळे आले असते तर काय बिघडलं असतं? मी पुढे वाकून संगणक बंद केला. तोही नीट, माझ्याच नियमावलीत सांगितला होता तसा, पायरीपायरीने. निळी पट्टी गेली. सुगंधा उठली, खुर्ची आत सरकवली आणि म्हणाली, अकराला येते मॅडम.

अकराला ती तास सोडून आली. अकराला वीज गेली. तेव्हा आमच्याकडे भारनियमन असायचं, त्या आठवड्यात अकरा ते दोन. ते वेळापत्रकसुद्धा वर्तमानपत्रात छापून आलं होतं, आणि मी वाचलंही होतं, घरी दळण कधी टाकायचं ते बघण्यासाठी. मी तिला म्हटलं, दोनपर्यंत थांब. ती गॅलरीच्या कठड्यापाशी जाऊन आभाळाकडे बघत राहिली. दक्षिणेकडे काळं भरून आलं होतं, हस्ताचा पाऊस येणार असं दिसत होतं. घरी कापलेलं भात शेतात पसरलेलं होतं आणि ते गोळा करायला आई एकटी. मॅडम, उद्या सकाळी भरते, असं म्हणून ती एकच्या गाडीने गेली. उद्याही कक्ष अकराच्या आत उघडणार नाही आणि अकराला पुन्हा वीज जाणार, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि तिची चूक सुधारायलाही मी गेले नाही.

रात्रभर पाऊस पडला. घाटाच्या अलीकडे रस्त्यावर माती आली आणि दुसऱ्या दिवशी मुक्कामाची गाडी खाली आलीच नाही. मी अकराला कक्ष उघडला. पाचला बंद केला. त्या वर्षी मुदत वाढली नाही.

दिवाळीनंतर तिची जागा रिकामी राहिली. शांतारामभाऊंना मी आधीच लेखी समज दिली होती, आणि त्यांनी त्या कागदाखाली वळणदार अक्षरात ‘समजले’ असं लिहून सही केली होती. तेच माझ्याकडे तिच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. पत्रिकेवर माझं नाव नीट लिहिलं होतं, पदव्यांसकट. लग्न माघात होतं. मी गेले नाही, समिती यायची होती.

आता खरी चूक सांगते. वर सांगितली ती नुसती वेंधळी बाई होती. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी कक्षाची नोंदवही घरी आणली होती, समितीला दाखवायला काहीतरी आकृती करावी म्हणून. भूगोलाच्या बाईला आकृती म्हणजे नकाशा. मी दोन तालुक्यांचा नकाशा काढला आणि कक्षात येऊन बसलेल्या प्रत्येक मुलामागे त्याच्या गावावर लाल पेनने एक ठिपका दिला. महाड शहर लाल होऊन गेलं. महामार्गाच्या कडेची गावं लाल. वीर, बिरवाडी, पोलादपूरचा बाजार. आणि समोच्चरेषा जिथे जवळ येतात तिथून वर कागद कोरा. स्वच्छ पांढरा. मी मुलांना शिकवत आले होते की नकाशातली कोरी जागा आधी वाचा.

मी ती वाचली. घरातल्या सगळ्यांना फराळ वाढला, आणि नकाशा कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. नियमावली छापून, बांधून झाली होती. बैठकीपुढे नव्याने कोण जाणार, सर्वानुमते मंजूर झालेलं कोण उघडणार, माझंच नाव वर होतं. समितीने कक्षाला उत्तम असा शेरा दिला. एका सदस्यांनी तर खुर्च्यांतलं अंतर विचारलं, आणि मी ते इंचात सांगितलं. त्यानंतर मी पाच वर्षं नोकरी केली. पाच आश्विन आले, पाच वेळा भात कापलं गेलं, आणि अकराचे साडेसात करायला एका ओळीची दुरुस्ती लागत होती, ती मी केली नाही. आधी समितीसाठी थांबले, मग वाटलं आता विषय कुठे उकरायचा, मग निवृत्त झाले. शांतारामभाऊ माझ्या निरोपाला हार घेऊन आले होते. त्यांच्या हातून मी तो घालूनही घेतला.

तर यंदा अन्वीकडून लाल पेन मागून घेतलं आणि चौदाव्या पानावरची ओळ खोडली. वर लिहिलं, मुक्कामाची पहिली गाडी आल्यापासून. आगाराला फोन करून गाड्यांच्या वेळा घेतल्या, त्या समासात लिहिल्या. भारनियमन आता तसं नाही, पण ओल्या कपड्यांचा नियमही अजून होता, तोही खोडला. प्राचार्यांनी फोनवर सगळं आदराने ऐकून घेतलं. मग म्हणाले की मॅडम, मुद्दा चांगला आहे, पण सकाळी साडेसातला माणूस कोण बसवणार? आणि आता तर सगळ्यांकडे फोन आहेत. अन्वी शेजारी बसून ऐकत होती. तिच्या वर्गातल्या दोघी फोन घेऊन टेपाडावर चढतात, तेव्हा रेंज येते, असं ती मला हळूच म्हणाली. मी प्राचार्यांना तेही सांगितलं. ते म्हणाले, बघू. मीही तेव्हा बघू असंच म्हटलं असतं, त्यामुळे त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटली नाही. नुसतं सांगितलं की रोज विचारायला फोन करीन. म्हातारीला दुसरा उद्योग नाही, याचा एवढा तरी उपयोग.

या सगळ्याच्या महिनाभर आधी, गणपतीच्या आदल्या दिवशी, मी वीर स्टेशनवर मुलाला घ्यायला गेले होते. त्याची गाडी चुकली होती, आणि ज्या गाडीने तो येणार होता तिच्यातून सुगंधा उतरली. बरोबर दोन मुलं, डोक्यावर बोचकं, हातात मखराचा पुठ्ठा. मॅडम, वळखलंत काय, असं तिनेच विचारलं. मुंबईजवळ दिव्याला राहते, एका डॉक्टरांकडे पेशंटची नावं लिहून घ्यायला बसते, थोरली सातवीत आहे. महाडपर्यंत आम्ही एकाच रिक्षात बसलो.

माफी मागायची वाक्यं मी कितीतरी वर्षं जुळवत होते. ती सगळी त्या रिक्षात, खड्ड्यांतून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलले. निळ्या पट्टीचं बोलले, अकराचं बोलले, कपड्यांखालच्या नकाशाचंही बोलले. रिक्षावाला आरशातून बघत होता. सुगंधा धाकट्याचे विस्कटलेले केस बोटांनी सारखे करत ऐकत होती. महाडच्या स्टँडवर तिने बोचकं उतरवलं, मुलांना उतरवलं, आणि पुन्हा आत वाकून माझ्या हातावर हात ठेवत म्हणाली,

“मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. खोली लय छान ठेवलेली तुम्ही. आमची गाडी लवकर यायची ना, मग आम्ही पोरी रोज गॅलरीत उभ्या राहून खिडकीतनं बघायचो.”